रोलर कोस्टर ‘अडकला’ तर बातमी कशी करायची

माझा भाचा पनवेलला एका न्यूज पोर्टलवर काम करतो. मे महिन्यात एका रात्री साडेनवाला त्याचा फोन आला. “मावशी, व्हिडिओ आलाय. रोलर कोस्टर पार वर अडकलाय, माणसं ओरडतायत. हेडिंगला ‘मृत्यूच्या दाढेतून’ टाकू की ‘काळ आला होता पण’ टाकू?”

मी म्हटलं, आधी जेवलास का ते सांग आणि मग व्हिडिओ पाठव.

व्हिडिओ अकरा सेकंदांचा होता. गाडी लिफ्टवर, म्हणजे पहिल्या चढावर, चेनला धरून उभी होती. बाजूच्या जिन्यावरून हेल्मेट घातलेला एक मुलगा वर चढत होता. एक हात रेलिंगवर, दुसऱ्यात वॉकीटॉकी, पावलं एका लयीत. धावत नव्हता. ती चाल बघून माझा जीव भांड्यात पडला. अशा वेळी अशा जिन्यावर मी स्वतः कितीदा चढलेय.

मी आयटीआयची फिटर. मुंबईजवळच्या एका पार्कात चौदा वर्षं काढली. आधी ऑपरेटर, मग मेंटेनन्स, शेवटची चार वर्षं शिफ्ट इन्चार्ज. पार्कचं नाव सांगत नाही, कारण पुढे त्यांची आणि माझीही थोडी लक्तरं वेशीवर टांगायची आहेत. भाच्याला त्या रात्री जे सांगितलं ते इथे जरा सावकाश लिहिते. जिल्ह्याच्या पानावर आणि पोर्टलवर राबणाऱ्या पोरापोरींसाठी आहे, पण सुट्टीत मुलांना घेऊन पार्कात जाणाऱ्यांनी वाचलं तरी चालेल.

बातमी नसते त्या दिवशी जा

हे पहिलं काम. तुमच्या भागात पार्क असेल तर एखाद्या साध्या मंगळवारी पीआरवाल्याला फोन करा आणि सकाळची तपासणी बघू द्या म्हणा. नाही म्हणाले तर तेही लिहून ठेवा. हो म्हणाले तर सहाला पोचा, दहाला नाही. दहाला फक्त गेटवरचा हार आणि मिकी माऊसचा वेष घातलेला पोऱ्या दिसेल.

सहाला काय दिसतं? आधी कुलपं. ट्रॅकवर जाणारा प्रत्येक फिटर मेन पॅनलला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. चार माणसं वर असतील तर चार कुलपं. चारही निघाल्याशिवाय राइडला करंट मिळत नाही. कुणी किल्ली खिशात घेऊन चहाला गेला की बाकीचे त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बसतात, पण त्याच्या कुलपाला हात लावत नाहीत.

मग ट्रॅक वॉक. आमच्या लिफ्टला २१२ पायऱ्या होत्या. थंडीत पाइपांवर दव असायचं, हार्नेसचा हुक एकदा इथे एकदा तिथे अडकवत वर जायचं, हातात टॉर्च आणि चिंधी. प्रत्येक नटावरून खालच्या प्लेटवर उतरणारी एक पिवळी रेघ मारलेली असते. नट गुंजभर जरी फिरला तरी ती रेघ तुटलेली दिसते. हजारो नटांना रोज पाना लावणं कुणाच्याने होणार? रेघ मात्र चालता चालता नजरेत येते. दुसरी खूण पुडीची. बोल्टच्या कडेने विटकरी रंगाची बारीक पूड दिसली की समजायचं, दोन लोखंडं एकमेकांवर घासतायत, आत काहीतरी सैल आहे. माझी आजी मिसरी लावायची, तिच्या डबीच्या काठाला असायची तशीच पूड. चिंधीने पुसायची, खडूने गोल करायचा, फोटो काढायचा आणि दुसऱ्या दिवशी आधी तिथेच जायचं. परत आलेली असली तर राइड बंद.

खाली आल्यावर गाडी. तिला चाकं तीन तऱ्हेची असतात. रुळावरून धावणारी, बाजूने धरणारी आणि रुळाच्या खालून लागणारी. ही खालची चाकं अमेरिकेतल्या जॉन मिलर यांनी १९१९ साली पेटंट केली आणि तेव्हापासून गाडी उडी मारली तरी रूळ सोडत नाही. त्यामुळे ‘गाडी रुळावरून घसरता घसरता वाचली’ असं लिहायच्या आधी एकदा त्या चाकांचा फोटो बघा. चाकांना रबरासारखं पॉलियुरेथेनचं आवरण असतं. त्यावरून तळहात फिरवायचा. फुगा आला असेल तर तो डोळ्याआधी हाताला कळतो.

शेवटी रिकाम्या फेऱ्या. ऑपरेटर कान देऊन ऐकतो. चढावर जे टकटक टकटक वाजतं ना, ते रॅचेट. चेन तुटली तरी गाडी मागे येऊ नये म्हणून एकेका दातात पडत जाणारा लोखंडी अडसर. लोकांच्या पोटात त्या आवाजाने गोळा येतो आणि आम्हाला तो ऐकू आला नाही तर येतो. फेरीची वेळही मोजतात. डिसेंबरच्या सकाळी ग्रीस घट्ट असतं, गाडी आळसावून येते. मेच्या दुपारी तीच गाडी लवकर घरी पोचते.

मग चेकलिस्टवर सह्या होतात, मेंटेनन्सची वेगळी आणि ऑपरेशन्सची वेगळी. हा कागद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डोळ्यांनी न दिसणारंही असतं. धातू आतून थकतो. त्यासाठी दरवर्षी गाडी पूर्ण खोलून, रंग खरवडून, चुंबकी पूड किंवा अल्ट्रासाउंड लावून एक्सलला, म्हणजे चाकांच्या आसाला, भेगा आहेत का ते बघतात. जपानात ओसाकाच्या एक्स्पोलँडमध्ये ५ मे २००७ रोजी फुजिन रायजिन २ या कोस्टरचा एक्सल तुटला. एक जण गेली, १९ जखमी झाले. राइड १९९२ सालची, आणि तेव्हापासून तो एक्सल बदललाच नव्हता. त्या वर्षीची भेगांची तपासणी पुढे ढकललेली होती. ती राइड त्या दिवशी ‘अडकली’ असती तर किती बरं झालं असतं.

कुठे थांबली?

फोन आला की पहिला प्रश्न हाच, ‘किती जण होते’ नंतर. कोस्टरच्या ट्रॅकचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. पुढचा ब्लॉक रिकामा झाल्याची खूण सेन्सरकडून मिळाली नाही, तर मागची गाडी सुटत नाही. लोकलचा सिग्नल लाल असला की ती दिवा-मुंब्र्याच्या मधे उभी राहते, तसंच. फरक एवढाच की लोकल कुठेही ब्रेक मारते. कोस्टर उतारावर एकदा सुटली की सुटली, तिला मोटर नाही, ड्रायव्हर नाही. म्हणून तिच्या थांबायच्या जागा ठरलेल्या असतात: लिफ्ट, मधले ब्रेक आणि स्टेशनबाहेरचा ब्रेक. या प्रत्येक जागी जिना असतो. लोकं उतरवायची वेळ येणार हे धरूनच तो बांधलेला असतो.

गाडी या ठरलेल्या जागी थांबली असेल, तर यंत्रणेने आपलं काम केलंय. कारण फुटकळही असू शकतं. स्टेशनात कुणी बेल्टशी झटापट करत बसला, पुढची गाडी निघाली नाही, तर मागची लिफ्टवर थांबते. कुणी सेल्फी स्टिक बाहेर काढली, ऑपरेटरने बटण दाबलं. वीज कडाडली. लाइट गेली. आमच्याकडे एकदा सेन्सरवर कुंभारणीने मातीचं घर बांधलं होतं, अख्खा रविवार त्या माशीने खाल्ला. इंग्लंडात ब्लॅकपूलच्या ‘बिग वन’ची गाडी एप्रिल २०२१ मध्ये चढावर थांबली आणि लोकांना दोनशे फुटांवरून जिन्याने चालवत खाली आणलं. फोटो जगभर फिरले. फोटो खरंच छाती दडपवणारे होते. पण घडलं ते एवढंच: माणसं जिना उतरली.

गाडी ठरलेल्या जागेबाहेर, दोन चढांच्या मधल्या खोलगट भागात थांबली असेल, तर कान टवकारा. वारा समोरून आला, चाकं गार होती, गाडी हलकी होती, आणि ती पुढचा चढ चढू शकली नाही. आमच्या भाषेत ‘व्हॅली झाली’. तिथे जिना नसतो. क्रेन लागते. आणि उलटी लटकली असेल तर प्रत्येक मिनिट बातमी आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या क्रँडनच्या जत्रेत जुलै २०२३ मध्ये ‘फायरबॉल’ नावाच्या राइडवर आठ जण, त्यातली बहुतेक मुलं, तीन तासांहून जास्त वेळ डोकं खाली करून अडकली होती. तिथे कुणी मोठा टाइप वापरला तर मी काही बोलणार नाही.

थांबलेली राइड कुणी चालू केली?

भाच्याला मी सांगितलं, हा प्रश्न विचारायला विसरलास तर बाकीचे नऊ विचारून काही उपयोग नाही.

इंग्लंडातच स्टॅफर्डशरला आल्टन टॉवर्स नावाचं पार्क आहे. तिथली ‘स्मायलर’ ही चौदा वेळा उलटी होणारी कोस्टर. २ जून २०१५ रोजी वारा जोरात होता. कोर्टात पुढे आलेल्या माहितीनुसार ताशी ७० किलोमीटरच्या पुढे, तर बनवणाऱ्यांनी घातलेली मर्यादा ५५च्या आसपास. गर्दी होती म्हणून चार गाड्यांत पाचवी वाढवलेली. राइडमध्ये अडचण आली, इंजिनियरांनी एक गाडी रिकामीच सोडून बघितली. ती वाऱ्यात पूर्ण फेरी करू शकली नाही आणि ट्रॅकवर मधेच खोलात थांबली. मागे १६ माणसं बसलेली गाडी लिफ्टवर होती. कंप्युटरने तिला थांबवून धरलं, पुढचा ब्लॉक रिकामा नाही म्हणून. अगदी बरोबर. पण पाचवी गाडी आहे हे त्या इंजिनियरांच्या गावीच नव्हतं. त्यांच्या हिशेबात सगळ्या गाड्या जागेवर होत्या, म्हणजे कंप्युटर चुकतोय. त्यांनी तो थांबा ओलांडला आणि गाडी सोडली. ती उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीवर जाऊन आदळली. पाच जण गंभीर जखमी झाले, दोन तरुण मुलींचा एकेक पाय कापावा लागला. तिरक्या अवस्थेत चेंगरलेल्या लोकांना बाहेर काढायला चार तासांच्या वर गेले. सप्टेंबर २०१६ मध्ये कंपनीला ५० लाख पौंड दंड झाला, आणि दोष त्या दोन-चार इंजिनियरांपेक्षा पूर्ण व्यवस्थेचा, असं तपास यंत्रणेने म्हटलं.

माध्यमांचं बघा. अपघातानंतर एका ब्रिटिश वृत्तवाहिनीने कंपनीच्या प्रमुखाची थेट मुलाखत घेतली. निवेदिका जखमी मुलीच्या पायाचं काय झालं हेच पुन्हा पुन्हा टोकरत राहिली. वाहिन्यांच्या नियामकाकडे हजारावर तक्रारी गेल्या. थांबा ओलांडायचा निर्णय कुणी, कोणत्या कागदावर, कुणाला विचारून घेतला, हा प्रश्न त्या गोंगाटात दबला.

आता माझी लक्तरं. दंडाची ती बातमी आमच्या नोटीस बोर्डावर लावलेली होती. मी वाचली होती. त्यानंतर महिन्याभराने दिवाळीची सुट्टी, मी पॅनलवर. गाडी लिफ्टवर थांबली, वर वीस माणसं. स्क्रीनवर आलं की तिसऱ्या ब्लॉकमध्ये गाडी आहे. खुर्चीतून मान वाकडी करून मी तिसरा ब्लॉक बघितला, जेवढा दिसतो तेवढा. रिकामा. वॉकीवर साहेब ओरडतायत, “रिसेट मारा मॅडम, लाइन गेटपर्यंत गेलीय.” मी रिसेट मारला. राइड चालली. दहा मिनिटांनी परत तोच फॉल्ट. या वेळी आमचे जुने फिटर, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, न विचारताच वर चढले आणि सेन्सरची सैल झालेली पट्टी हातात धरून खाली आले. थरथरीने तो सेन्सर कधी हो म्हणत होता, कधी नाही.

तात्या मला एवढंच म्हणाले, “पॅनल खोटं बोलतंय हे तू खुर्चीत बसून ठरवलंस होय गं पोरी?”

आठवडाभर मला पॅनलवरून काढलं. बरोबर केलं.

लोकांना जिन्याने उतरवायला त्या दिवशी ३८ मिनिटं लागली. लॉगबुकात मीच लिहिलंय. दुसऱ्या दिवशी एका पेपरात ‘तीन तास हवेत लटकले’ आलं आणि आमच्या साहेबांनी दुसऱ्या पेपरला सांगितलं की ते मॉक ड्रिल होतं. दोन्ही बातम्या शेजारी शेजारी ठेवून मी घरी हसलेय आणि रडलेय. सैल पट्टी आणि माझा रिसेट, दोन्हीपैकी एकातही नाही.

‘तांत्रिक बिघाड’ हे उत्तर घेऊ नका

या दोन शब्दांत पार्कवाले सगळं झाकतात, आणि आपण ते जसंच्या तसं छापतो. पुढे विचारा. राइड आपोआप थांबली की ऑपरेटरने थांबवली? पीएलसीवर, म्हणजे राइड चालवणाऱ्या कंप्युटरवर, फॉल्टचा मेसेज वेळेसकट येतो. तो काय होता? लोकांना कसं उतरवलं, गाडी स्टेशनात आणून, जिन्याने की अग्निशमन दलाच्या शिडीने? पुन्हा चालू करण्याआधी वर जाऊन कुणी बघितलं का, की नुसता रिसेट? सही कुणाची? आणि हाच फॉल्ट गेल्या महिन्याभरात किती वेळा आला? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा गप्प झाला, तर तुमची बातमी तिथे आहे. तो सकाळचा कागद दाखवा म्हणायची वेळही हीच.

वेळ मोजताना तीन वेळा लिहा: गाडी थांबली कधी, पहिला माणूस खाली आला कधी, शेवटचा आला कधी. वर बसलेल्याला विचारू नका. उन्हात टांगलेल्या माणसाला वीस मिनिटं म्हणजे दोन तास. त्याने बहिणीला व्हॉट्सअ‍ॅप केलं असेल, त्या मेसेजची वेळ बघा. मेमधल्या दुपारचं प्रकरण असेल तर पाणी आणि छत्री वर नेली का, हे जरूर विचारा. पडण्यापेक्षा उन्हाने चक्कर यायची भीती जास्त असते, आणि आमच्या पार्कला ते कळायला दोन उन्हाळे लागले.

शब्दांचंही सांगते. ‘लटकले’ म्हणजे लटकलेलेच हवेत. मांडीवर बार आणि पाठीला सीट असलेला माणूस ‘बसून होता’. ‘पाळणा’ म्हणजे आकाशपाळणा. ड्रॉप टॉवर, पेंडुलम आणि कोस्टर सगळ्यांना पाळणा म्हटलं की वाचणाऱ्याला काही कळत नाही. अहमदाबादला कांकरियाजवळ जुलै २०१९ मध्ये पेंडुलम राइड मोडून दोघांचा जीव गेला. ते मोडणं होतं. अडकणं आणि मोडणं यांना एकच हेडिंग देऊ नका.

व्हिडिओ आला की

आधी जुना आहे का ते बघा. खांबांचा रंग, गाडीचा रंग, सीटचा बार मांडीवर येतो की खांद्यावरून, कर्मचाऱ्यांचा टी-शर्ट. पार्कच्या पेजवरच्या फोटोशी ताडून बघायला पाच मिनिटं लागतात. ओरडणाऱ्यांची भाषा ऐका. पोर्तुगीजमध्ये ओरडणारे लोक खोपोलीला क्वचित येतात. दुसऱ्या कोनातून दुसरा व्हिडिओ मिळेपर्यंत थांबा. गर्दीच्या दिवशी एकाच माणसाने शूटिंग केलंय, असं हल्ली होत नाही.

पण प्रेक्षकांच्या व्हिडिओला हलकंही घेऊ नका. अमेरिकेत कॅरोविंड्स पार्कात ‘फ्युरी ३२५’ ही ३२५ फूट उंच कोस्टर आहे. खोपोलीच्या इमॅजिका पार्कातली ‘नायट्रो’ ज्या स्विस कंपनीची, त्याच बोलिगर अँड मॅबिलार्डची. ३० जून २०२३ रोजी एका पाहुण्याने खाली उभं राहून खांबाचा व्हिडिओ काढला. खांबाला वरच्या बाजूला भेग, गाडी गेली की ती फाकते आणि मागे आभाळ दिसतं. राइड चालू होती! कुणी अडकलं नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. त्याने कर्मचाऱ्यांना सांगितलं, राइड बंद झाली, नवा खांब बसवला आणि १० ऑगस्टला ती परत सुरू झाली. नंतर लोकांनी आपापले जुने फोटो काढून बघितले तेव्हा काही दिवस आधीच्या फोटोतही भेग दिसली. ती बातमी स्थानिक वाहिन्यांनी नीट लावून धरली आणि त्याचा उपयोग झाला. पहाटे टॉर्च घेऊन चालणाऱ्या माझ्यासारखीला तो व्हिडिओ बघून घाम फुटला होता. आपल्याला दिसली असती का, हेच डोक्यात.

वर बसलेल्यांशी बोलताना ‘मरण डोळ्यांसमोर दिसलं का?’ विचारू नका, ते हो म्हणणारच. ‘पहिली सूचना किती वेळाने मिळाली आणि काय सांगितलं?’ हे विचारा. स्पीकरवर दर दोन-तीन मिनिटांनी कुणी बोलत राहिलं की लोक बसून राहतात. कुणीच बोललं नाही की एखादा बारखालून पाय काढायला बघतो. बंद पडलेल्या राइडवर मला धास्ती असायची ती त्या एका पायाची.

भाच्याने त्या रात्री बातमी दिली: चढावर ४१ मिनिटं, २० जण, जिन्याने उतरवले, कारण सांगायला पार्कचा नकार. सकाळी म्हणाला, “मावशी, दुसऱ्या पोर्टलने ‘मृत्यूच्या दाढेतून’ टाकलं, त्यांना चौपट व्ह्यूज.” मी म्हटलं, असू दे. आता चप्पल घाल आणि उघडायच्या आधी पार्कच्या मागच्या रस्त्याला जा. कंपाउंडपलीकडून लिफ्ट दिसते. तिथे उभं राहा आणि माणसं बसवायच्या आधी किती गाड्या रिकाम्या जातात ते मोज.

अकरा वाजता त्याचा मेसेज आला: “सहा. आणि पहिल्या फेरीच्या आधी दोघं जण जिन्याने वर जाऊन आले.”

“त्यांच्या हातात काय होतं?” मी विचारलं.

“टॉर्च. आणि काहीतरी फडकं.”

मी त्याला म्हटलं, हे पण लिही.